दोन सेकंदांची जागा

बोदलकसाच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक म्हातारे गृहस्थ रोज संध्याकाळी वॉकीटॉकीसारखा एक रेडिओ मांडीवर घेऊन बसलेले असत. शाळा सुटल्यावर तिरोड्याला परतताना मी गाडी थांबवून जरा टेकायचो. नाव मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

हौशी रेडिओचा सरकारी परवाना होता त्यांच्याकडे. आवाज पुढे पाठवणारा रिपीटर जवळपास नव्हता, म्हणून खिशातलं डबीएवढं एक यंत्र फोनच्या इंटरनेटला जोडून ते परगावच्या रिपीटरवर बोलत. आवाज लांबवर पोचायचा. पलीकडे माणूस क्वचितच असायचा.

मला राग यायचा तो एका गोष्टीचा. मी काही विचारलं की ते गप्प. डोळे पाण्यावर, अंगठा रेडिओच्या बटणाशेजारी. मग सावकाश उत्तर. आधी वाटलं, ऐकू कमी येत असेल. एकदा चिडून विचारलंच, “काका, लगेच काऊन नाही बोलत तुम्ही?”

ते थांबले. मग म्हणाले, “रेडिओवर समोरच्याचं बोलणं झालं का दोन सेकंद सोडा लागते, गुरुजी. मंधात कोणाले यायचं असन, तर त्यानं कुठून यावं? आता घरीबी तशीच सवय पडून गेली.”

“घरी कोण कोण असतं?”

या वेळी ते दोन सेकंदांहून जास्त थांबले.

“मीच,” ते म्हणाले.

हल्ली पुण्यातल्या मुलाशी बोलणं संपलं की मीही फोन लगेच ठेवत नाही. त्याचं काही सांगायचं राहिलं असेल, म्हणून थांबतो. तोवर त्याने ठेवलेला असतो.