परब सरांचा तास

"शाळा सोडल्याचा दाखला देऊन टाकतो तिला, मॅडम. बारा वाजता कमिटी बसतेय." मुख्याध्यापक उभ्यानेच बोलत होते.

मी शाळांतून फिरणारी समुपदेशक. मुलांशी बोलायचं आणि बोलण्यापेक्षा जास्त ऐकायचं, हे माझं काम. आरोंद्याजवळच्या त्या शाळेत दहावीतल्या जेनिफरने परब सरांच्या गणिताच्या तासाला डस्टर फेकून खिडकीची काच फोडली होती. त्याआधी बाक वाजवणं, उलट बोलणं चालूच होतं. इतर तासांना मात्र अगदी गप्प.

ती माझ्यासमोर बसेना. दारापर्यंत जायची, परत यायची.

"परब सर आवडत नाहीत का तुला?"

"गेल्या वर्षी माका सारख्या फळ्याकडे बोलवत. आता हात वर केलंय तरी दुसऱ्याक विचारतत. मी ढ झालंय."

"म्हणून डस्टर फेकलंस?"

"भायर काढतत, तेव्हा तरी माजा नाव घेतत."

"हे सरांना सांगू?"

"सांगा. त्यांका काय फरक पडता?"

अकरा वाजून गेले होते. मी जवळजवळ धावतच स्टाफरूम गाठली.

परब सर ऐकता ऐकता उठले, पुन्हा बसले. "हुशार आहे हो ती. शाळा सुटल्यावर जादा गणितं द्यायचो. मग इथे थट्टा सुरू झाली. कमिटीतले एकजण म्हणाले, मुलींपासून लांब राहा. मी घाबरलो. तिच्याकडे बघणंच सोडलं."

"तिला सांगितलंत?"

"काय सांगणार?"

"आत्ता मला सांगितलंत तेच."

व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल अशा जागी, दोघं समोरासमोर आले. मी बाजूला उभी राहिले.

"जेनी, तुजा काय चुकला नाय गो. लोक बोलतले म्हणान मीच भियालंय."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती भडकली. "मगे तेव्हाच सांगूचा होता! इतके दिवस माका वाटला, माज्यातच खोट आसा."

सर मान खाली घालून ऐकत राहिले.

कमिटीपुढे ते स्वतः बोलले. दाखला टळला. काच जेनिफरच्या वडिलांनी येऊन बसवली. जादा गणितं आता व्हरांड्यात होतात, येईल त्याच्यासाठी. जेनिफर आधी फिरकली नाही. मग आली, मागे बसली. राग पुरता गेलेला नाही, पण गणितं सोडवते.

शिक्षकाने सावध राहावं, जरूर राहावं. पण का, ते मुलांना सांगावं. नाहीतर मुलं कारण शोधतात, आणि ते त्यांना स्वतःतच सापडतं.