अप्पांची पट्टी

सरस्वतीपुरममध्ये आमच्या घराच्या मागच्या खोलीत मी गाण्याच्या जुन्या टेपा दुरुस्त करते. पुण्यात एका स्टुडिओत पुष्कळ वर्षं हेच काम केलं होतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे म्हैसूरला आलो, तेव्हा यंत्रंही बरोबर आणली.

आमच्या बसस्टॉपजवळ एका टेलरांचं दुकान आहे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, विठ्ठलभक्तांचं. घरात मराठी, पण निम्मी कानडी मिसळलेली. ब्लाउज शिवायला टाकायला गेले होते, तेव्हा माझ्या कामाचं बोलणं निघालं, तशी त्यांची कात्री थांबली.

"अक्का, आमच्या अप्पांची टेप आहे एक. मोठ्या चकतीची. करून द्याल?"

त्यांचे वडील देवळात भजन म्हणायचे. हे इतके लहान असताना ते गेले, की फोटोपलीकडे चेहराही आठवत नाही. देवळातल्या कुणा हौशी माणसाने ती चकती रेकॉर्ड केली होती. पुढे एका दुकानातून तिची कॅसेट करून घेतली, आणि दर एकादशीला घरात तीच लागत आली. आता कॅसेट झिजली होती. दुसऱ्या दिवशी ते दोन्ही घेऊन आले.

चकतीवर बुरशीची पांढरी साय धरली होती, जोड सुटले होते. कापसाने हळूहळू पुसून, जोड नव्याने चिकटवून टेप चढवली. आवाज आला तो भरदार, खालच्या सुरातला, संथ. कॅसेटवरचा मात्र बारीक आणि चपळ. भजन एकच, माणूस एकच, पण सुरात जवळजवळ दोन पट्ट्यांचा फरक. आधी मला माझ्याच यंत्राची शंका आली. खात्रीची एक टेप लावून तपासलं, यंत्र बरोबर होतं.

पेटीचा सूर सहसा बदलत नाही, म्हणून मी टेलरांना विचारलं, "अण्णा, भजनात वाजतेय ती पेटी अजून आहे का कुणाकडे?"

"आमचीच ती. आईकडे आहे, विजयनगरात."

रविवारी दोन्हींवरचं भजन लॅपटॉपवर भरून घेऊन गेले. आई ऐंशीच्या पुढच्या, डोळ्यांनी अधू, खाटेवर बसलेल्या. टेलरांनी पेटीचा भाता मारला, मी काळी एक, म्हणजे पहिली काळी पट्टी, दाबून धरली आणि चकतीवरचं भजन लावलं. आवाज पेटीत मिसळून गेला. मग कॅसेटवरचं लावलं. ते काळी दोनच्या जवळपास गेलं, पण पेटीच्या कुठल्याच पट्टीत नीट बसेना. म्हणजे त्या दुकानातलं यंत्रच जोरात पळत होतं, आणि त्याबरोबर अप्पांचा आवाज वर चढला होता.

"हेच! पहिलं लावलं ते," आई म्हणाल्या. "असाच होता त्यांचा गळा. कॅसेट आणली तेव्हाच मी म्हटलं होतं, स्वल्प बारीक येतंय म्हणून. कोण ऐकतंय माझं?"

टेलर मात्र उठून खिडकीशी गेले.

"अक्का, हा कोणी परकाच माणूस वाटतोय मला," ते म्हणाले. "माझे अप्पा म्हणजे ते कॅसेटमधले. दुसरे कुठे बघितलेत मी?"

आईला नवरा परत मिळत होता आणि मुलाच्या हातून वडील निसटत होते. मी म्हटलं, "कॅसेटही आहे तशीच साफ करून देते. तुम्हाला हवी ती ऐका."

आईंनी खाटेवर हात आपटला. "मगा, लेकरा, इकडे बस. तू भजन म्हणायचास तेव्हा मी काय सांगत होते? तुझा गळा त्यांचाच आहे, म्हणून."

"तू आई आहेस, म्हणून म्हणायचीस."

मग टेलरांनी मला सांगितलं. तरुणपणी तेही देवळात गायचे. कॅसेटमधल्या सुरापर्यंत जायची धडपड करायचे. मानेच्या शिरा फुगायच्या, घसा फाटायचा. मोठी माणसं हळहळायची, "बापाची सर नाही आली रे." शेवटी भजनाला बसणंच त्यांनी सोडलं होतं.

"लाव गं पोरी परत," आई मला म्हणाल्या.

मी चकतीवरचं भजन पहिल्यापासून लावलं. टेलर दुसऱ्या कडव्याला तोंडातल्या तोंडात म्हणू लागले, मग जरा मोकळ्याने. कुठेच चढायला लागत नव्हतं. दोन आवाज इतके सारखे, की खाटेवर ताल धरणाऱ्या आईंनी मान वळवून मुलाचा हात चाचपला. टेलरांनी मध्येच गाणं थांबवलं, बाहीने तोंड पुसलं आणि पुन्हा धरलं. मी लॅपटॉपकडे बघत राहिले.

मी त्यांना दोन्ही भजनं पेनड्राइव्हवर दिली. चकतीवरची सूं सूं थोडी कमी केली, सगळी काढली नाही. काढली की आवाजाची धारच जाते.

ब्लाउज आणायला गेले, तेव्हा ते म्हणाले, "कॅसेटचं लावलं की अजून तेच खरं वाटतं अक्का. जन्माची सवय, अल्वा? हो ना?"

"आणि आई?"

"आई दोन्ही नको म्हणते. म्हणते, तूच म्हण." ते हसले. "गेल्या एकादशीला बसलो देवळात, मागच्या रांगेत. घसा गंजलाय पार. दोन भजनांत दमलो."

"पुढच्या वेळी मलाही सांगा, येईन."

"या की. पण आधी हे घालून बघा," म्हणत त्यांनी ब्लाउज पुढे केला. "बाही घट्ट वाटली तर आत्ताच उसवून देतो."