आडबंदरची ओहोटी

मधुकरचं नाव आधी लिहितो. वैजापूर तालुक्यातल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. दुसऱ्या वर्षी वडिलांनी माझं शिक्षण थांबवायचं ठरवलं, तेव्हा वसतिगृहातला हा माझा सोबती एसटीने आमच्या गावी आला. तो दलित, म्हणून त्याला बाहेर ओट्यावर बसवलं आणि वेगळ्या कपात चहा दिला. तो चहा पिऊन तो संध्याकाळपर्यंत वडिलांशी माझ्यासाठी बोलत राहिला.

पुढं मी पदवीधर झालो, वाळूजला कारखान्यात लागलो. मधुकर विद्यापीठाच्या नामांतरासाठी सत्याग्रहाला बसला आणि हर्सूलच्या तुरुंगात गेला. मी त्याला भेटायला गेलो नव्हतो. आमच्या खात्यात ते रुचलं नसतं आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. अशात खात्यातली मंडळी जीप करून कोकणात निघाली आणि मीही निघालो.

घाट उतरल्यावर हवाच बदलली. आडबंदर हे खाडीच्या तोंडावरचं खेडं. माडांच्या सावलीतली घरं, पुढं पांढरी पुळण (वाळूचा किनारा). समुद्र मी प्रथमच पाहत होतो. आपल्याकडं एवढं पाणी एका जागी असतं तर, हाच विचार सारखा येत होता. ज्यांच्या घरी उतरलो त्या काशीबाई मावशींनी जेवताना सोलकढी वाढली. मी ते गुलाबी ताक समजून भातावर ओतलं, तर त्यांची सून शेवंती पदर तोंडाला लावून हसली.

सकाळी होडीतून खाडीत गेलो. दोन्ही काठांना चिखलात मुळं रोवून उभी असलेली तिवरांची झाडं, त्यांवरून पाण्यात सूर मारणारा निळा खंड्या. जाणाऱ्यांनी ही फेरी चुकवू नये. होडी मधोमध असताना आमचे सुपरवायझर दिनकरराव म्हणाले, "काय रे विठ्ठल, तुझा तो दोस्त बी हवापालटाला गेलाय म्हणं. हर्सूलला!"

"तिथं तर जेवण बी फुकट हाय, साहेब," मागून कुणी म्हणालं.

सगळे हसले. मीही हसलो. नंतर खंड्याकडं पाहत राहिलो, पण तो मला दिसत नव्हता.

दुपारी ओहोटीला खडक उघडे पडले. बायका कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढायला निघाल्या, त्यांच्याबरोबर आम्हीही गेलो. इथं चपला घालून जावं, शिंपल्यांच्या कडा पाय कापतात. खडकातल्या डबक्यांत बोटाएवढे मासे आणि फुलासारखे मिटणारे जीव होते. आमची मंडळी थोड्याच वेळात कंटाळून परतली. मला त्यांच्यात बसायचं नव्हतं, म्हणून मी दूरच्या खडकामागं जाऊन बसलो.

भरती सुरू झाली. इथली रीत अशी, की निघण्याआधी सर्वांत वडीलधारी बाई एकेकीला हाक मारते आणि सगळ्यांनी ओ दिल्याशिवाय कुणी घरी जात नाही. काशीबाईंच्या हाका ऐकू येत होत्या. त्यांत "औरंगाबादचो पाव्हणो" अशीही हाक आली. मी गप्प राहिलो. त्या निघून जातील, मग आपण सावकाश जाऊ, असं वाटलं. हाका थांबेनात. उठून पाहिलं, तर सगळ्या बायका डोक्यावर टोपल्या घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. मी पाणी तुडवत त्यांच्याकडं गेलो.

"हाका मारून घसो सुकलो माझो! ओ देऊक काय झाला तुका?" काशीबाई कडाडल्या.

"तुम्ही गेला असता तरी चाललं असतं, मावशी."

"एकाक हंय सोडून घराक जावचा?" (एकाला इथं सोडून घरी जायचं?)

"रवांदे गे, समुद्र आवडलो पाव्हण्यांका," (राहू दे गं) शेवंती म्हणाली. बायका हसल्या. शेवंतीने हात पुढं केला आणि मला पाण्यातून ओढून काढलं.

रात्री कालवांचं झणझणीत सुकं होतं. काशीबाई राग विसरून आग्रह करत होत्या. आदल्या दिवसापर्यंत या बायकांनी मला पाहिलंही नव्हतं.

परतलो तेव्हा जीपने मला औरंगाबादेत छावणी भागातल्या माझ्या खोलीपाशी सोडलं. नामांतरावरून गावात तणाव होता, दुकानं लवकर मिटली होती. प्रवासात माणूस नवी जागा पाहतो म्हणतात. मी जे पाहिलं ते परत आल्यावर कुणाला सांगावंसं वाटलं नाही. खोलीवर जाऊन पत्र लिहायला बसलो आणि सकाळी टपालात टाकलं.

"प्रिय मधुकर,

मी समुद्र पाहून आलो. होडीत तुझी चेष्टा झाली आणि मी हसलो. हे तुला दुसऱ्याकडून कळू नये, म्हणून आधी लिहितो. रविवारी तुला भेटायला येतो आहे. दिनकररावांना तसं सांगूनच येईन. तू भेटायला नाही म्हणालास, तर मला वाईट वाटेल, पण राग येणार नाही. तुला पुस्तकं हवीत की गरम कपडे, ते कळव.

हे पत्र तुझ्याआधी तिथले साहेब वाचतील म्हणतात. म्हणून पाकिटावर माझं पूर्ण नाव, खातं आणि कारखान्याचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला आहे.

तुझा,
विठ्ठल"