बाजारातलं इंग्रजी

शर्मिला ओव्हाळ शनिवार पेठेजवळच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. घर विश्रांतवाडीला. एम.ए. करताना एकदा बसमध्ये नायजेरियातली एक कादंबरी वाचत बसल्या आणि थेट आळंदी रस्त्याच्या शेवटाला जाऊन उतरल्या. इंग्रजांचं राज्य सोसलेली माणसं त्यांच्याच भाषेत, पण आपल्या ठसक्यात आपली गोष्ट सांगत होती. बाईंना त्या पुस्तकांचं वेडच लागलं. पुढे कॉलेजात त्यांनी आफ्रिका, वेस्ट इंडीजच्या साहित्याचा ऐच्छिक पेपर भांडून सुरू करून घेतला.

मग हिंजवडीत कंपन्या आल्या, आणि या पेपरकडे कुणी फिरकेना.

"ओव्हाळ मॅडम," प्राचार्य दत्तप्रसाद सर म्हणाले, "आफ्रिकेतून कुणी कॅम्पस इंटरव्ह्यू घ्यायला येतंय का? नाही ना? मग तो पेपर बंद. आपण आता इंग्रजी संभाषणाचा वर्ग घ्या."

बाईंनी तो घेतला, आणि मनापासून घेतला. पोरांना नोकऱ्या हव्या होत्या, यात काय चूक? पण बीडहून आलेली मुक्ताई तोंडच उघडेना. नाव सांगतानाही तिचा आवाज चिरकायचा. "माझं इंग्रजी गावठी आहे, मॅडम. लोक हसतात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नेमलेलं पुस्तक बाजूला ठेवलं आणि जमैकातली एक कथा मोठ्यानं वाचायला घेतली. मासळीवाल्या दोघी हमरीतुमरीवर आलेल्या. व्याकरण त्यांच्या सोयीचं, शिव्याही तिथल्याच. मुक्ताई खुदकन हसली.

"मॅडम, हे तर आमच्या आठवडी बाजारातलं भांडण! असं इंग्रजी चालतं?"

"चालतं म्हणजे? एम.ए.ला यावर प्रश्न येतात."

वर्ग हसला. "आता तुझ्या बाजारातलं सांग," बाई म्हणाल्या.

मुक्ताई उभी राहिली. अडखळली, पण थांबली नाही. तिच्या इंग्रजीत 'अगं बाई' आलं, 'मुडदा बशिवला' आलं. पोरं डोळे पुसत हसत होती, आणि या वेळी तिला नाही, तिच्याबरोबर.

कंपनीला हवे तसे उच्चारही त्यांनी तिच्याकडून घोटून घेतले. "हेही शिक. पण त्यासाठी तुझं ते टाकू नकोस," त्या बजावायच्या. मुक्ताईला हिंजवडीत नोकरी लागली. त्याआधी तिनं सगळ्या वर्गाला त्या कथेचं पुस्तक वाचायला लावलं होतं.

बंद पडलेल्या त्या पेपरला जूनमध्ये इतकी नावं आली, की प्राचार्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"मोठी खोली द्यावी लागणार. आपण फार त्रास देता हो, मॅडम," ते म्हणाले, आणि स्वतः उठून वरच्या मजल्यावरची खोली दाखवायला निघाले.

बाई जिना चढताना केनियातल्या एका नाटकाबद्दल सांगू लागल्या होत्या.