फिरतीच्या डायरीतला गुरुवार

आमच्या साताऱ्याच्या बांधकाम कचेरीत ओव्हरसियरांच्या टेबलाभोवती दोनच विषयांवर हशा पिकायचा. एक नोकरीच्या मुलाखती, दुसरा फिरतीचा भत्ता. लढाई चालू होती, सिमेंट मिळत नव्हतं, पेट्रोलवर रेशन होतं, पण थट्टेला तोटा नव्हता. मी पंचविशीतला, नुकताच डिप्लोमा घेऊन चिकटलेला. माझ्यासमोर आमच्यातले सर्वांत जुने ओव्हरसियर बसायचे. त्यांना फिरतीसाठी घोडाभत्ता मंजूर होता. घोडा मरून तीन वर्षं झाली होती, पण कागदावर तो अजून दरमहा चंदी खात होता. हे ते स्वतःच सांगायचे आणि वर म्हणायचे, इतका गुणी घोडा आता मिळायचा नाही.

मुलाखतीबद्दल त्यांचं मत असं, की तो मुलगी दाखवायचा कार्यक्रम असतो आणि मुलगी आपण. मान खाली घालून बसायचं, विचारतील तेवढंच बोलायचं, आणि घरी आल्यावर कळतं की त्यांनी सोयरीक आधीच दुसरीकडं जमवली होती. आम्ही पोट धरधरून हसायचो. मीही हसायचो, खोटं कशाला बोलू? त्याच थट्टेपायी एका म्हाताऱ्या मुकादमाची भाकरी जायची वेळ आली, आणि ती माझ्या हातानं.

सांगलीकडच्या एका खासगी कंपनीला बांधकामावर इंजिनिअर हवा होता. पगार माझ्या पगाराच्या जवळजवळ दुप्पट. मी गुपचूप अर्ज केला होता. बोलावणं आलं, गुरुवारी दुपारी दोन वाजता. रजा मागावी तर साहेब कारण विचारणार. जुन्या ओव्हरसियरांना विश्वासात घेतलं, तर त्यांनी हसत तोड काढली. माझं एक काम कोरेगावच्या पुढं मैलभरावर चाललं होतं, ओढ्यावरची दगडी कमान. त्या कामाची फिरती लिहायची, कोरेगावच्या स्टेशनात गाडी धरायची आणि थेट सांगली गाठायची. कोरेगावपर्यंत खर्च सरकारचा, पुढं आपला. "सरकारच्या पैशानं सरकारला सोडून जायचं, गड्या. याला म्हणतात इंजिनिअर," ते म्हणाले. मला ते फार आवडलं.

बुधवारी दुपारी कमानीवरचा मुकादम कचेरीत आला. साठीला टेकलेला माणूस. पलटणीत पूल बांधण्यात उमर गेलेली, पेन्शन तुटपुंजी, घरात कर्त्या मुलाची विधवा आणि तिची तीन पोरं. हे मुकादमपण गेलं तर त्या घरात चूल पेटायचे वांधे होते, हे मला ठाऊक होतं. तो दाराशी टोपी हातात धरून उभा राहिला आणि सांगू लागला, की वरच्या मळ्यातलं उसाचं पाणी कुणीतरी ओढ्यात सोडलंय, जमीन भिजलीय, आणि कमानीखालच्या लाकडी साच्याचे टेकू खचायला लागलेत. कमान मिटायला थोडेच दगड बाकी होते. चुन्यातलं काम, चुना ओला, सगळा भार त्या टेकूंवर. त्यानं काम थांबवलं होतं. पाचरी ठोकून टेकू वर घेता येतील, पण कुठला आधी आणि किती, ते मी येऊन सांगावं, एवढंच त्याचं मागणं.

मी म्हणालो, उद्या सकाळी येतो, मी येईपर्यंत कुणाला आत जाऊ देऊ नका. तो निश्चिंत होऊन गेला. मला खरंच जायचं होतं. पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं निघायचं, कमान बघायची, पाचरी मारून घ्यायच्या आणि मग गाडी धरायची, असा हिशेब मी मनाशी केला होता.

आता त्या डायरीची गोष्ट सांगायला हवी. गुरुवार हा महिन्याचा अखेरचा दिवस. भत्त्याचं बिल त्याच महिन्यात धरायचं तर फिरतीची डायरी बुधवारी संध्याकाळी हेडक्लार्ककडं पोचायला हवी. म्हणून आमच्यात रीतच पडली होती, शेवटच्या दिवसाची फिरती आदल्या दिवशीच लिहून टाकायची. उद्या काय बघणार ते आज बघितलं म्हणून लिहायचं. हेडक्लार्क डोळेझाक करायचा. मी लेखणी घेऊन बसलो आणि अडलो. टेकू खचले आहेत असं लिहू का, असं जुन्या ओव्हरसियरांना विचारलं. ते म्हणाले, खचलेत लिहिलंस तर उपाय काय केलास तेही लिहावं लागेल, बळकट लिही आणि उद्या जाऊन बळकट कर. सगळे हसले. मी लिहिलं, 'गुरुवार. सकाळी कमानीच्या टेकूंची समक्ष पाहणी केली. बळकट आढळले.' खाली झोकात सही ठोकली.

गुरुवारी सर्व्हिस मोटारीनं घात केला. त्या दिवसांत मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, मागं भट्टी लावलेली. जरा चढ आला की मोटार बसायची आणि उतारू उतरून ढकलायचे. आम्ही तीनदा ढकलली. कोरेगावला पोचलो तेव्हा सिग्नल पडला होता. ओढा मैलभर पुढं. तिकडं गेलो तर गाडी चुकणार, आणि दुसरी गाडी सांगलीला संध्याकाळशिवाय पोचवणार नव्हती. मी स्टेशनाच्या दारात उभा राहिलो. दोन मिनिटं असेन, जास्त नाही. मुकादम शहाणा आहे, काम थांबवलेलंच आहे, एका दिवसानं काय बिघडतंय? असं मनाला समजावलं आणि तिकिटाच्या खिडकीत हात घातला. त्या दोन मिनिटांचा मला आजही राग येतो.

मिरजेला गाडी बदलून सांगलीला वेळेवर पोचलो. तीन गृहस्थ बसले होते. त्यातले म्हातारे अनुभवी दिसले. त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाले, कमानीचं काम चालू आहे आणि साच्याखालचे टेकू खचू लागले, तर काय कराल? मला बुधवारचा मुकादम आठवला. पण तोंड चालू राहिलं. मी धडाधड सांगितलं, काम बंद करीन, माणसं बाहेर काढीन, स्वतः तिथं उभा राहून एकेक पाचर मारून घेईन. म्हाताऱ्यांनी विचारलं, "स्वतः?"

"स्वतः," मी म्हणालो.

ते खूश झाले. मान डोलावून त्यांनी शेजारच्यांकडं पाहिलं, तेव्हाच मला कळलं की नोकरी मिळाली. वर त्यांच्या कारकुनानं जाण्यायेण्याचं थर्ड क्लासचं भाडं हातावर ठेवलं. म्हणजे सरकारकडूनही घेतलं आणि यांच्याकडूनही. हे जुन्या ओव्हरसियरांना सांगितलं की ते आनंदानं टेबल बडवतील, असं वाटून मी रस्त्यात एकटाच हसलो. परतीला उशीर झाला म्हणून मिरजेत एका ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि शुक्रवारी सकाळची गाडी धरली.

कोरेगावच्या फलाटावर जुने ओव्हरसियर उभे होते. त्यांना तिथं बघून मी हसत हात वर केला. ते हसले नाहीत. त्या माणसाला मी हसत नसताना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळं मला आधी काही कळेचना. त्यांनी मला उतारूंच्या गर्दीतून बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. काल दुपारी कमान बसली. एक गवंडी पाचर मारायला आत शिरला होता, त्याच्या मांडीवर साचा आणि दगड आले. त्याला संध्याकाळच्या गाडीनं मिरजेच्या इस्पितळात हलवलंय, पाय राहतो की नाही सांगता येत नाही. साहेब ओढ्यावर आलेत आणि माझी डायरी त्यांच्या हातात आहे. सकाळी पाहणी झाली तेव्हा टेकू बळकट होते, म्हणजे नंतर मुकादमानंच काहीतरी हलवलं, असा सरळ अर्थ निघतोय. मुकादमाला आजच काढणार, कदाचित पोलिसातही देणार.

मी म्हणालो, पण मी तर आलोच नव्हतो.

"काल सकाळी तू इथं होतास," ते म्हणाले. "एवढंच ध्यानात ठेव."

मैलभर आम्ही चालत गेलो. वाटेत ते बोलत राहिले. एकाची डायरी उघडली की सगळ्यांच्या उघडतील, त्यांच्या मेलेल्या घोड्यापर्यंत जातील, त्यांना दोन पोरींची लग्नं करायची आहेत. तुझी सांगलीची नोकरी होईलच, तू आठवड्यात सुटशील, कशाला सगळ्यांना खड्ड्यात घालतोस? मुकादमाला काय, दुसरीकडं काम मिळेल. या वयात कोण देतंय काम, हे त्यांनाही माहीत होतं. अगदी खरं सांगायचं तर ओढा दिसेपर्यंत मी गप्प राहायचंच ठरवलं होतं.

ओढ्यात दगडांचा ढीग पडला होता. साच्याच्या फळ्या उलट्यापालट्या झाल्या होत्या आणि ओला चुना पाण्यात पसरला होता. साहेब काठावर खुर्ची टाकून बसले होते. मुकादम समोर उभा, पलटणीत उभा राहावा तसा ताठ. त्याच्या सदऱ्यावर रक्ताचे वाळलेले डाग होते. साहेबांनी डायरीतली ओळ मोठ्यानं वाचली आणि मुकादमाला विचारलं, "ओव्हरसियर काल सकाळी आले होते ना?"

मुकादमानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं.

"आलं हुतं," तो म्हणाला.

"मग त्यानंतर तुम्ही काय हलवलंत?"

"लिवलंय न्हवं साहेब, बळकट हुतं म्हून. मग माझीच चूक आसंल."

त्यानं 'न्हाई आलं' म्हटलं असतं ना, तर मी कदाचित नेटानं खोटं बोललो असतो. माणसावर आरोप केला की तो उलटतो, मीही उलटलो असतो. पण त्यानं माझ्यासाठी स्वतःच्या तोंडानं आपली भाकरी पुढं सारली, आणि मला जागच्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. साहेब लेखणी उघडत होते. जुन्या ओव्हरसियरांनी माझ्या मनगटाला धरलं, ते मी सोडवून घेतलं.

"साहेब, मी काल इथं नव्हतो," मी म्हणालो. "सांगलीला मुलाखतीला गेलो होतो. टेकू खचतायत हे यांनी मला बुधवारीच सांगितलं होतं."

साहेबांनी डायरी मिटली आणि एक कोरा कागद माझ्यापुढं धरला. मी तिथंच, एका पडलेल्या दगडावर कागद ठेवून, सगळं लिहून दिलं. खाली साधी सही केली. साहेबांनी ते वाचलं, मुकादमाला म्हणाले, उद्यापासून दगड उचलायला घ्या, आणि मोटारीत जाऊन बसले. जुने ओव्हरसियर त्यांच्यामागून गेले. त्यांनी माझ्याकडं वळून पाहिलं नाही, आणि पुढंही कधी पाहिलं नाही.

मला सक्तीच्या रजेवर घातलं आणि दोन महिन्यांनी काढून टाकलं. सांगलीचं पत्र आठवड्यातच आलं. निवड झाली होती, फक्त सध्याच्या साहेबांचा वर्तणुकीचा दाखला सोबत आणायचा होता. ते पत्र मी फाडून टाकलं. गवंड्याचा पाय राहिला, पण आखूड झाला, तो पुन्हा परांचीवर चढला नाही. पुढं जन्मभर मी ठेकेदारांच्या पदरी कामं केली. यातलं काहीही मला जड गेलं नाही असं म्हणणार नाही. जड गेलं, लय जड गेलं. पण जे खरं बोचतं ते त्याच शुक्रवारचं आहे.

मोटार गेल्यावर ओढ्यावर मी आणि मुकादम दोघंच उरलो. त्यानं माझे आभार मानावेत असं मला वाटत होतं. लाज वाटते सांगायला, पण वाटत होतं. तो दगडावर बसून तंबाखू मळत राहिला. मग मीच विचारलं, मी काल आलो असतो तर वाचलं असतं का? तो समजूत घालील, कमान तशीही पडायचीच होती म्हणील, अशी मला आशा.

"वाचलं आसतं," तो म्हणाला. "गवंड्याला दोन वाजंपत्तुर धरून ठेवलंता. ओव्हरसियर साहेबानी सबूद दिलाय, येत्याल, म्हनलं. मग त्योच म्हनला, आता कोन येत न्हाई. आन् शिरला."

मग मी विचारलं, मी आलो नव्हतो हे ठाऊक असून साहेबांपुढं तसं का बोललात?

"निसतं आला नव्हता एवढंच न्हाई, कुटं हुता ते बी ठावं हुतं," तो म्हणाला. "रातभर गवंड्याच्या उशाला हुतो मी, मिरजंला. सकाळी तुमच्याच गाडीनं आलो. तुमी तितल्या फलाटावर भजी खाईत हुता."

"मग हाक का नाही मारलीत?"

त्यानं तंबाखू गालात धरली आणि उठला.

"म्हनलं, खाऊ द्या. कोरेगाव आलं की घास उतरायचा न्हाई."