गोचिडींच्या धास्तीने समुद्रावर

व्लास्ता चेक देशातल्या ओलोमोउत्स शहरात एका चष्म्यांच्या दुकानात कामाला होती. डोंगरांचं वेड तिला माहेरूनच लागलेलं. लग्न ठरताना तिने रादिमला एकच गोष्ट विचारली होती, "चालतोस ना?" रादिम ट्राम चालवायचा. त्याने उत्तरादाखल बूट उलटे करून झिजलेले तळवे दाखवले, आणि तिला नवरा पसंत पडला.

मुलगी ब्लांका बापाच्या पाठीवर बसूनच येसेनिकीचे डोंगर हिंडायला लागली. दर ऑगस्टमध्ये पाठपिशव्या भरायच्या, पावात तळलेल्या मांसाचे काप घालून न्यायचे, माथ्यावरच्या खानावळीत लसणाचं सूप प्यायचं आणि उतरताना रानातली निळी फळं खाऊन जिभा काळ्या करायच्या.

अशाच एका सुट्टीनंतर, शरद लागला तेव्हा, व्लास्ता सकाळी चूळ भरत होती. तोंडातलं पाणी आपोआप एका कडेने गळायला लागलं. आरशात बघते तर चेहऱ्याची डावी बाजू झोपलेली. डोळा मिटेना. रादिमला वाटलं, लकवा मारला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून विचारलं, "उन्हाळ्यात कुठे फिरायला गेला होतात?"

"डोंगरात."

"गोचीड चावल्याचं आठवतंय?"

व्लास्ताला काहीच आठवत नव्हतं. रक्त तपासलं तेव्हा गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइमचा आजार निघाला. औषधं झाली आणि नाताळपर्यंत चेहरा ताळ्यावर आला. हसताना ओठ जरासा तिरपा व्हायचा, तेवढंच. आजार गेला, पण धास्ती मुक्कामाला राहिली.

त्यानंतरच्या सुट्ट्यांमध्ये सगळ्यांच्या पॅन्टचे पाय पांढऱ्या मोज्यांत खोचलेले असायचे. अंगाला उग्र वासाचं औषध चोपडलेलं असायचं. गवतात बसायची बंदी झाली. दर थांब्यावर तपासणी सुरू.

"ब्लांका, हात वर. मान वळव."

"आई, तो तीळ आहे! जन्मापासूनचा! गेल्या वर्षीही तू तो उपटायला निघाली होतीस!"

सासूबाई फोनवरून टोमणे मारायच्या, "आमच्या वेळी लोणी चोळलं की गोचीड गळून पडायची. तुमचंच रक्त बाई फार नाजूक!"

"लोण्याने उलट जास्त विष उतरतं, सासूबाई."

"मग मी मेले कशी नाही?"



एका वर्षी थंडी अगदीच लेची पडली. गोचिडी फार झाल्या, अशा बातम्या वसंतातच यायला लागल्या. व्लास्ताने जाहीर करून टाकलं, "यंदा डोंगर नाही. क्रोएशियाला जाऊ, समुद्रावर. सगळं जग जातं."

बापलेकींनी एकमेकांकडे बघितलं आणि पाठपिशव्या माळ्यावर ठेवून दिल्या.

समुद्र निळाशार होता. ब्लांका पहिल्याच दुपारी भाजून लाल झाली आणि खोलीत दही फासून पडून राहिली. रादिम टॉवेलवर समुद्राकडे पाठ करून बसायचा आणि मागचे उघडेबोडके डोंगर न्याहाळायचा.

"काय बघतोस?" व्लास्ताने विचारलं.

"काही नाही. तिथे एक वाट वर गेलेली दिसतेय."

कंटाळून तो पाण्यात उतरला आणि नेमका खडकाला चिकटलेल्या एका काळ्या काटेरी जीवावर त्याचा पाय पडला. खोलीवर आल्यावर व्लास्ताने त्याचा पाय मांडीवर घेतला आणि चिमट्याने एकेक काटा काढायला बसली.

रादिम कळ सोसत म्हणाला, "बरं झालं. एवढ्या लांब येऊन तुला उपटायला काहीतरी मिळालं."

व्लास्ताला हसू फुटलं ते थांबेचना. हसता हसता डोळे भरून आले.

"मी तुमची सुट्टी घालवली ना रे?"

सोललेल्या नाकाची ब्लांका दारात उभी होती. ती म्हणाली, "सुट्टीचं सोड गं. डोंगरात गेलो तरी तू नुसत्या आमच्या पोटऱ्या बघतेस. वर काय असतं ते आठवतं तरी का तुला?"

पुढच्या ऑगस्टमध्ये पाठपिशव्या व्लास्तानेच माळ्यावरून काढल्या. मोजे आणि औषध राहणार, पण तपासणी एकदाच, संध्याकाळी अंघोळीनंतर, असा तह झाला.

पहिल्या दिवशी तिला अंगभर काहीतरी चालतंय असंच वाटत राहिलं. संध्याकाळी रादिमच्या अंगावर काही निघालं नाही, ब्लांकाच्याही नाही. मग ब्लांका म्हणाली, "आता तू वळ." व्लास्ताच्या गुडघ्यामागे गोचीड निघाली, खसखशीएवढी.

व्लास्ताने चिमटा तिच्या हातात दिला. "तूच काढ," ती म्हणाली. ब्लांकाने चिमटा कातडीलगत धरला आणि सरळ वर ओढला. गोचीड अख्खी आली. मुलीने त्या जागेभोवती पेनाने गोल काढला. "याच्या बाहेर लाली पसरली तर डॉक्टर. नाही तर उद्या माथ्यावर. कबूल?"

"कबूल," व्लास्ता म्हणाली. त्या रात्री तिला फारशी झोप लागली नाही, पण सकाळी ती माथ्यावर गेली.

घरी आल्यावर कित्येक आठवडे ती दुकानात जाण्याआधी आरशाकडे पाठ करून गुडघ्यामागे बघायची. कधी लाली वाढल्याचा भास व्हायचा, मग रादिमला बोलवायची. तो चष्मा लावून बघायचा आणि म्हणायचा, "नाही गं." ठिपका फिका होत होत दिसेनासा झाला.

सप्टेंबरात पाऊस पडून गेल्यावर तिघं अळंबी गोळा करायला रानात गेली. व्लास्ता वाट सोडून नेच्याच्या झुडपांत शिरली.

"अगं, कुठे चाललीस?" रादिमने हाक मारली.

"थांब रे, इकडे ढीगभर आहेत," ती वाकल्या वाकल्या म्हणाली. "टोपली आण."