केबल बोटीला बांधू नये

हवाई दलातली माझी बहुतेक वर्षं मालवाहू हेलिकॉप्टरवर गेली. मी वैमानिक नव्हतो. माल चढवणं, आवळून बांधणं, उतरवणं आणि दारातली विंच, म्हणजे केबल खाली सोडून माणसं वर ओढायचं यंत्र, चालवणं, एवढं माझं काम. रत्नागिरीत हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा, म्हणून आई "विमान चालवतो" असं ठोकून द्यायची. आम्ही तांदळाची पोती नेली, डिझेलची पिंपं नेली, डोंगरातल्या चौक्यांसाठी जिवंत बकरे नेले. बकऱ्यांनी केलेली घाणही मीच काढली.

प्रत्येक कामाची पद्धत पुस्तकात लिहिलेली असते. पाण्यावरची जरा वेगळी. जाकीट घालायचं, पण आत बसून फुगवायचं नाही. हेलिकॉप्टर बुडालं तर फुगलेला माणूस छताला जाऊन अडकतो. वैमानिकाने लाटांकडे बघायचं नाही, कारण सरकतात लाटा आणि वाटतं आपणच सरकतोय. पोटाखालची बोट त्याला दिसतही नाही. दारात पालथा पडलेला माणूस त्याला सांगतो: पुढे चार, तीन, डावीकडे एक, थांबा. केबल आधी पाण्याला टेकू द्यायची, नाहीतर धरणाऱ्याला झटका बसतो. आणि केबल बोटीला बांधू द्यायची नाही. बांधली तर तोडायची, नाहीतर लाटेवर हेलकावणारी बोट हेलिकॉप्टरलाच खाली ओढते. त्यासाठी लाल झाकणाखाली एक बटण असतं. ते दाबल्यावर छोटा बार उडतो आणि केबल तुटते. कधी दाबायचं याबद्दल पुस्तकात एकच शब्द आहे, ताबडतोब.

तो ऑगस्ट होता. मासेमारी नुकतीच सुरू झाली होती आणि समुद्र अजून खवळलेलाच होता. मिरकरवाड्याची एक ट्रॉलर इंजिन बंद पडून बाहेर भरकटत होती. बोटीवर सहा माणसं होती. त्यातल्या एकाचा पाय जाळं ओढायच्या यंत्रात सापडला होता आणि रक्त थांबत नव्हतं. त्या एकाला वर घ्यायचं होतं. सूचना वायरलेसवरून हिंदीत गेल्या, केबल बांधू नका हेही दोनदा सांगितलं.

मी दारात पालथा होतो. केबलचा हुक पाण्याला टेकवून बोटीकडे नेला. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या उभा होता. त्याने केबल झेलली आणि पापणी लवते न लवते तोच खुंट्याला तीन फेरे मारले. मला आश्चर्य वाटलं नाही. आमच्याही घरी होडी होती. आलेला दोर आधी बांधायचा, मग पुढचं बोलायचं, हे मी चुलत्याची थप्पड खाऊन शिकलो होतो. आत बसलेल्या पाच जणांत हे ठाऊक असणारा मी एकटाच, आणि त्यांच्या भाषेत समजावायला मी वायरलेस मागितला असता तर मला मिळाला असता.

मी हात हलवून ओरडलो. तांडेलाने वर पाहिलं, त्याच्या ध्यानात आलं. तो वाकला. इतक्यात पुढची लाट दिसली. वैमानिक विचारत होता, "केबल मोकळी?" मी बटण दाबलं.

केबल एकच असते. आम्ही परत फिरलो. दुसरी बोट त्या ट्रॉलरला ओढत घेऊन आली, पण जेट्टीला लागेपर्यंत तो माणूस गेला होता. अहवालात मी लिहिलं: केबल बोटीला बांधली गेली, म्हणून तोडली. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सगळ्यांनी पाठ थोपटली.

आता निवृत्त होऊन मी गावीच असतो. मागच्या वर्षी हंगामाच्या आधी बंदरावरच्या लोकांनी बोलावलं, तांडेलांना हेलिकॉप्टरचं समजावून सांगा म्हणाले. मी लिलावाच्या शेडमध्ये तासभर बोललो. माणसं चहा पिऊन पांगली. एक म्हातारे गृहस्थ बसून राहिले. तेच त्या ट्रॉलरचे तांडेल, हे त्यांनी सांगितल्यावर कळलं. मेलेला त्यांचा धाकटा भाऊ होता, हे मला तोवर माहीत नव्हतं.

"सूचना ऐकलेली मी," ते म्हणाले. "हातानं नाय ऐकली."

मी म्हटलं, तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. ते खरंच होतं.

"दोन फेरे सोडलेले मी. एकच रवला होता. तुमाला वरून दिसला नसेल."

त्यांनी मला वाट करून दिली होती. हो, नाही दिसला, म्हटलं असतं तर दोघेही सुखाने घरी गेलो असतो. मला तसं म्हणावंसं फार वाटलं.

"दिसला होता, तांडेल," मी म्हणालो. "तुमचा हात तिसऱ्या फेऱ्यावर होता. लाटही दिसत होती. आत आम्ही पाच जण होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता.

"पाच होतात, पाची घरी गेलात," ते उठता उठता म्हणाले. "आमी सा होतो."